तीन थापा

देओदातूची खोड साऱ्या गोदीला ठाऊक होती. माणूस भेटला रे भेटला की त्याला कवेत घ्यायचं आणि पाठीवर धपाधप थापा मारायच्या. तशी ती अख्ख्या रिओचीच खोड, पण ह्याच्या थापेने समोरच्याची कॉफी सांडायची. आणि नेमकी ह्याच गड्याने धरली कॅच कुस्ती! तिच्यात दुसऱ्याच्या अंगावर दोनदा थाप मारली की 'हरलो' असाच अर्थ होतो.

ही कुस्ती तो एका परदेशी खलाशाकडून शिकला. सर्कशीच्या तंबूत अकरा वर्षं लढला, एकदाही हरला नाही. पोट मात्र भरायचं ते कॉफीची पोती वाहून. आता चाळिशी आली, गुडघे कुरकुरू लागले. आजची कुस्ती जो जिंकेल त्याला शहरातल्या एका कुस्ती क्लबात उस्तादाची कायमची नोकरी मिळणार होती. म्हणजे पोत्यांपासून सुटका.

"हात आवर," त्याची बायको झुल्मीरा सकाळपासून चौथ्यांदा म्हणाली. "लाड करायला चालला नाहीस तिथं."

"अगं, मी काय दूधखुळा आहे?"

समोर होता ओनोफ्री, गोदीतलाच हमाल, दहा वर्षांनी लहान. दहाव्या मिनिटाला दोघांनी एकमेकांच्या माना आवळल्या होत्या आणि कुणीच हलेना. पण गप्प बसेल तर तो देओदातू कसला!

"काय रे, डोळे का तांबारलेत?" त्याने हळूच विचारलं.

"झोपच नाही. काल... जुळ्या मुली झाल्या."

"अरे वा रे पठ्ठ्या!" धप, धप!

शिट्टी वाजली. पंचाने ओनोफ्रीचा हात वर केला आणि तंबूत एकच गदारोळ उठला. संत्र्यांची सालं उडाली.

"अहो, तो अभिनंदन करत होता!" ओनोफ्री स्वतःच ओरडला. "पुन्हा लावा कुस्ती!"

पंच कपाळ पुसत देओदातूकडे वळला. "तूच सांग बाबा. हरलास की नाही? नाही म्हण, पुन्हा लावतो."

ओनोफ्रीचे पाय लटपटत होते. पुन्हा लावली असती तर मिनिटभरात चीत झाला असता. पहिल्या रांगेत झुल्मीरा जोरजोरात मान हलवत होती, नाही म्हण, नाही म्हण.

"हरलो," देओदातू म्हणाला. "श्वास कोंडला होता."

आधीच्या दोन थापा चुकून पडल्या. ही तिसरी मात्र त्याने विचार करून मारली.

ट्रामच्या थांब्यावर झुल्मीरा त्याच्याकडे वळली. म्हणाली, "श्वास कोंडला म्हणे! मला शिकवतोस?"

"दोन तान्ह्या पोरी आहेत गं त्याला."

"आणि मला तू एकटाच आहेस, त्याचं काय?"



सोमवारी सकाळी तो कामावर निघाला तेव्हा ती खाली बसून त्याच्या सुजलेल्या गुडघ्यांना पट्ट्या बांधू लागली. दुसरी गाठ मारताना तिला रडू फुटलं. अकरा वर्षांत आपण पहिल्यांदाच हरलो, हे देओदातूला तेव्हा कळलं.