पंपाची दुसरी तोटी

"नळी हातात असली की माशाकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं," असं वडील सांगायचे. माणूस तर पाण्याच्या तळाशी, तो दिसणार कसा, असं धाकट्याने एकदा विचारलं, तर म्हणाले, "नळीतून दिसतो."

वडील गेले आणि धाकटा ताईच्या नवऱ्याची नळी धरू लागला. दाजी कमरेला शिशाचे तुकडे बांधून, पंपाच्या हवेच्या नळीचं टोक दातांत धरून प्रवाळाच्या कपारीत उतरायचे आणि लाल ठिपक्यांचा तो महागडा मासा जिवंत पकडून आणायचे. मेलेल्याला कोण विचारतो! मोठ्या हॉटेलांना तो काचेच्या टाकीत पोहतानाच हवा असतो.

होडीवर पंप एकच, तोट्या दोन. एक दाजींच्या नळीची, दुसरी माशांच्या टाकीची. आणि म्हाताऱ्या पंपाचा दम दोन्हीकडे एकदम पुरत नसे. म्हणून क्रम ठरलेला. दाजी वर आले की धाकटा खोलातून वर येताना फुगलेल्या माशाला बारीक सुई टोचून पोटातला वारा काढी, त्याला टाकीत सोडी आणि हवा टाकीकडे फिरवी. हाताला आता हे सांगावं लागत नसे.

"मेव्हणेबुवा, तुम्ही नळी जशी धरता ना, तसा तुमच्या बहिणीनं माझा हातही कधी धरला नाही!" त्या सकाळी दाजी एवढं बोलले आणि उतरले.

पण त्या दिवशी त्यांनी मासा जाळीत घालून आधीच दोरीने वर पाठवला. कपारीत अजून एखादा दिसला असावा. वर आलेला मासा उताणा, तोंड वासलेला. "अरे, मरतोय तो!" होडीचा तांडेल ओरडला. धाकट्याने सुई टोचली, मासा टाकीत सोडला, हवा टाकीकडे फिरवली.

मग नळीकडे लक्ष गेलं. ती ढिली पडली होती.

त्याने झडप घालून हवा परत फिरवली, पण तोवर दाजी तळापासून एका दमात वर आले होते. होडीत घेतलं तेव्हा शुद्धीवर होते. जरा वेळाने म्हणाले, "पाय कुठे गेले रे माझे?"

खोलातून एकदम वर आलं की अंग असं लुळं पडतं. अशा वेळी या लोकांना एकच उपाय ठाऊक: माणसाला पुन्हा खाली सोडायचं आणि मग सावकाश वर घ्यायचं. किनारा लांब होता. कमरेला दोर बांधून घेताना दाजींनी विचारलं, "पंप अडला का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही दाजी. माझाच हात गेला."

दाजींनी दोराची गाठ ओढून पाहिली. "मग ताईला तूच सांग. आत्ता सांगितलंस तसंच."

"तुम्ही बरे व्हाल, तुम्हीच सांगा."

"अरे, उद्या तू खोटं बोललास हे तिला कळलं तर नवऱ्यापाठोपाठ भाऊही गेला तिचा. शब्द दे."

धाकट्याने दिला.

नळी दातांत देऊन दाजींना पुन्हा खाली सोडलं. दोराला वरून एक हिसका, खालून एक हिसका. धाकटा मनात देवाचं नाव घेत होता. पण ज्या हाताने चुकलं तोच जोडून मागायचं कसं, हे त्याला कळेना. मग वरून हिसका गेला आणि खालून काही आलं नाही. त्याने पुन्हा दिला. पुन्हा दिला.

तांडेल बादलीने टाकीत ताजं पाणी ओतत होता.

धक्क्यावर मासे घेणारा टाकीत वाकला. "वा, एकही दगावला नाही!" मग चादरीबाहेर आलेले पाय दिसले आणि त्याने जीभ चावली.

तांडेलाने धाकट्याला बाजूला ओढलं. "पंप बंद पडला. सगळे तेच म्हणणार. तुझ्या बहिणीला मी सांगतो, तू तोंड उघडू नकोस. यंत्राला कुणी शाप देत नाही रे."

"तुम्ही इथे दाजींजवळ थांबा, काका."

"वेडा झालास? दारात उभं करणार नाही ती तुला."

"नाही करणार," धाकटा म्हणाला.

त्याने दाजींच्या पायांवर चादर ओढली. नळावर हात धुतले, शर्टाची बटणं नीट लावली आणि तो ताईच्या घराची चढण चढू लागला.