राजा मरताना बदक ओरडलं

नाटक कंपनीत त्याला सगळे भिंगरी म्हणत. दिव्यांची जबाबदारी त्याच्याकडे होती, पण स्वतः मात्र एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. सध्या त्याला दोनच गोष्टींनी वेड लावलं होतं: लॅपटॉपवर विंडोजऐवजी घातलेल्या लिनक्सनं आणि ध्वनी सांभाळणाऱ्या, दिग्दर्शकांच्या भाचीनं. लिनक्सबद्दल तो दिवसभर बोले. भाची समोर आली की दातखीळ बसे, म्हणून तिच्याशीही तो लिनक्सबद्दलच बोले.

पहिल्या प्रयोगाच्या सकाळी तो संगीतकाराकडून सगळ्या धुना पेन ड्राइव्हवर घेऊन आला. आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि ध्वनीच्या खोलीत शिरला.

“अँटिव्हायरसनं तपासलंस का?” भाचीनं विचारलं.

“कशाला? माझ्याकडे लिनक्स आहे. व्हायरस माझ्या दारावरून मान खाली घालून जातात.”

“उद्या म्हणशील, दिवेवाल्यांना सर्दीच होत नाही.”

“नाहीच होत,” तो म्हणाला आणि सणसणीत शिंकला.

ती खुदकन हसली. त्या हसण्यानं त्याचं डोकं इतकं हलकं झालं, की पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवताना तो जाता जाता म्हणून गेला, “यातली ‘शेवटची धून नवी’ माझ्याकडे काही केल्या उघडत नाही. तुझ्याकडे उघडेल बघ.”

तिच्या लॅपटॉपवर लिनक्स नव्हतं, विंडोज होतं. अँटिव्हायरस होता, पण ऐन प्रवेशात टिंगटिंग करून सूचना द्यायचा, म्हणून तिनं तो बंद करून टाकला होता. तिनं फाइल उघडून पाहिली. काहीच वाजलं नाही. बिघडलेली असेल म्हणून तिनं जुनीच धून लावून ठेवली.

दुपारी नाट्यगृह खचाखच भरलं. शेवटच्या अंकात राजा मरतो. राजा झाले होते कंपनीतले सर्वांत जुने नट, सगळ्यांचे मोठे काका. हे मरण त्यांनी घरी इतकं घोटलं होतं, की काकू माहेरी जायच्या बेतात होत्या. काका कोसळले. भिंगरीनं निळा प्रकाश मंद करत आणला. भाचीनं व्हायोलिनसाठी बटण दाबलं.

“क्वॅक.”

तिनं पुन्हा दाबलं. “क्वॅक! क्वॅक!” लॅपटॉपच्या पडद्यावर एक पिवळंधमक बदक येऊन बसलं होतं.

“अगं, आवर त्या बदकाला!” विंगेतून तिचे दिग्दर्शक मामा दबक्या आवाजात किंचाळले.

“मामा, आवरतच नाहीये!”

मोठ्या काकांनी एक डोळा किलकिला केला. मग थरथरता हात राणीकडे नेत ते म्हणाले, “राणी… तळ्यावरची बदकंसुद्धा आली गं निरोपाला!”

नाट्यगृहात एकच हशा फुटला. राणीनं तोंड ओंजळीत लपवलं, पण खांदे गदागदा हलत होते. भिंगरी दिवे तसेच सोडून, लॅपटॉप छातीशी धरून पळाला. भाचीच्या लॅपटॉपची वायर उपटली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. व्हायोलिन वाजलं. राजा एकदाचा मेला आणि टाळ्या थांबेचनात.

प्रयोगानंतर भाचीनं तिकीटखिडकीच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह तपासला. तिथला अँटिव्हायरस लगेच बोंबलला.

“धून नाहीच ती,” ती म्हणाली. “विंडोजसाठी लिहिलेला आगाऊ प्रोग्राम आहे, गाण्याचं सोंग घेतलेला. तुझ्याकडे उघडला नाही, कारण तो तुझ्यासाठी नव्हताच. माझ्यासाठी होता. आणि तू मला घरपोच आणून दिलास!”

भिंगरीचा चेहरा पडला. “पण मला कुठे काही झालं?”

“तुला नाहीच होणार. तू नुसता व्हायरस वाटत फिरणार. आणि रोज बढाया मारतोस ना, एखादा तुझ्यासाठीही निघेल.”

तो तिथेच बसला आणि स्वतःच्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस घालू लागला.

“खरंच घालतोयस?” तिला आश्चर्य वाटलं.

“मग काय. आयुष्यभर तुझ्या शेजारी बसायचं म्हटलं, तर—” आणि त्यानं जीभ चावली.

तिचे कान लालबुंद झाले. इतक्यात मामांनी दारातून डोकं आत घातलं. “लोक विचारतायत, उद्याही बदक आहे का? काका तर हटूनच बसलेत. ठेवायचं?”

“नाही!” दोघं एकदम ओरडली.

मामांनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, “बरं बरं,” म्हणाले आणि गालातल्या गालात हसत निघून गेले.

“माझा लॅपटॉप पुसून नव्यानं भरावा लागेल,” भाची म्हणाली. “बसशील मदतीला?”

“लिनक्स टाकू?”

“टाक. पण आधी चहा पाज. आणि चहा संपेपर्यंत लिनक्सबद्दल चकार शब्द काढायचा नाही.”

भिंगरी हो म्हणाला. मग काय बोलायचं ते मात्र त्याला सुचेना, आणि जिना उतरता उतरता दोघं विनाकारण हसत सुटली.