पुट्टीखालचं नाव

सरू लग्न होऊन पेणला आली त्याला आठ महिने झाले, तरी तिच्या साड्या अजून ट्रंकेतच होत्या. घरात कपाट नव्हतं असं नाही. चांगलं उंच लोखंडी कपाट होतं, मोरपंखी रंगाचं. पण त्याच्या दारावर पांढऱ्या तैलरंगात ठसठशीत लिहिलेलं होतं, 'सौ. पुतळी'. तिच्या नवऱ्याची, मोरूची, पहिली बायको. ती तापाने गेली तेव्हा तिची लेक मैना दोन वर्षांची होती. आता तिला पाचवं लागलं होतं.

एक दिवस शेजारची काशीबाई साखर मागायला आली. कपाटाकडे बघत म्हणाली, "पुतळीच्या हाताला काय चव होती गो! तू पण शिकशील हळूहळू." सरूने मुद्दाम वाटी शिगोशीग भरून दिली. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, हेच तर दुखणं.

मोरू घरी आल्याआल्या तिने सांगून टाकलं, कपाट रंगवा, नाहीतर मी चालले रोह्याला बापाकडे. मोरू रामवाडीच्या गॅरेजात गाड्या रंगवायचा. डोलवीच्या कारखान्यात जाणारे ठोकलेले टेम्पो नवे करून द्यायचा, त्याला कपाट म्हणजे हातचा मळ. तो बरं म्हणाला आणि रविवारी सकाळी त्याने कपाट ओटीवर काढलं.

सरू उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली. हे काम तिला नवं नव्हतं. बाप केरू रोह्यात हाच धंदा करायचा, पोरीच्या हातात पाटीबरोबरच पॉलिश पेपर आलेला. जुन्या रंगावर पुट्टी लावायची तर आधी घासून त्याची चकाकी मारायची. गुळगुळीत रंगाला पुट्टी धरत नाही, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. मोरूने सगळं दार घासलं, खाली पत्रा चेपून पडलेला पोचा घासला. नावापाशी मात्र त्याचा हात वळसा घालून पलीकडे गेला. मग पुट्टी सुकवणारा हार्डनर कालवून त्याने पोच्यावर पुट्टी ओढली, नावावरही ओढली आणि रंग आणायला बाजारात गेला.

इतक्या वर्षांचा कारागीर. तो चुकला, असं कसं म्हणायचं?  पुट्टी वाळली तशी सरूने उलथन्याचं टोक घालून उचकटली. वाळकी साल निघावी तशी अख्खी खपली हातात आली. खपलीच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटलेली. खाली पुतळीचं नाव जसंच्या तसं चकचकीत.

"आयचं नाव आलं परत," मैना मागून म्हणाली आणि सवयीने 'पु'वरून बोट फिरवू लागली.

मोरू डबा घेऊन आला. सरूने खपली त्याच्यापुढे धरली. "हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, व्हय?"

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "हात नाय चालला गो. तू घास. तुझा चालेल."

हेच तर हवं होतं तिला. पदर खोचून ती बसली. पार पत्रा दिसेपर्यंत घासायचं ठरवूनच बसली. मैनाचं बोट तिने हलकेच बाजूला केलं. चार हातांत चकाकी मेली. अक्षरं खडूसारखी फिकी पडली, पण होती. अजून दहा हात मारले असते तर ती पण गेली असती.

"आता नाव कुठे जाईल?" मैनाने विचारलं.

सरूचा हात थांबला. "कुठे नाय जायचं," ती म्हणाली. "आत बसेल."

पुट्टी तिने स्वतः कालवली, स्वतः ओढली. ही धरणार होती. नाव आता जन्मात वर येणार नव्हतं, आणि निघणारही नव्हतं.

दोन हात रंग बसला, साड्या कपाटात गेल्या. दार आरशासारखं झालं. काशीबाईसुद्धा दोनदा हात फिरवून गेली. तरी 'पु' नेमका कुठून सुरू होतो ते सरूला न बघता सांगता आलं असतं. रोज सकाळी मोरू शर्ट काढायला दार उघडायचा, तेव्हा त्याचा हात कुठे पडतो, हे ती चुलीकडून बघत राहायची.