रेडिओच्या खोलीतल्या स्विचचा संताप

मी एक जुना नेटवर्क स्विच आहे, मित्रांनो. दिव्याचं बटण नव्हे! मी कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा, वहीएवढा चपटा डबा. अंगावर भोकं, भोकांत वायरी आणि प्रत्येक वायरीपाशी एक हिरवा दिवा. आज मी भयंकर चिडलेलो आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय गप्प बसणार नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या बँकेच्या थंडगार खोलीत बसेन. नशिबी आली हौशी रेडिओवाल्यांची खोली. ही मंडळी घरच्या रेडिओवरून दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी बोलतात. त्याच्या स्पर्धाही असतात: ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त लोकांशी बोलायचं. प्रत्येकजण आपली नोंद आपल्या कॉम्प्युटरवर करतो. मी ती बाकीच्यांच्या पडद्यावर पोचवतो, म्हणजे एकाच माणसाला दोघं-दोघं हाका मारत बसत नाहीत. वर्षानुवर्षं हे काम मी इमानाने केलं. शाबासकी मात्र अँटेनाला!

या खोलीचा कप्तान म्हणजे दादा. त्याची धाकटी बहीण दुसऱ्या रेडिओवर बसायची. तिचा कान असा, की खरखरीतूनही पुसट आवाज वेचून काढायची. गेल्या स्पर्धेच्या सकाळी दादाने खोली आवरली. धाकटीच्या कॉम्प्युटरची वायर फार लांब होती. त्याने तिची छान वेटोळी केली आणि आपल्या अँटेनाच्या तारेलाच बांधून टाकली.

"कसं टापटीप दिसतंय बघ!" म्हणाला.

जन्मभर तारांनी लहरी पकडणारा माणूस, आणि ही वेटोळीही लहरी पकडणार हे त्याच्या डोक्यात येऊ नये?

स्पर्धा सुरू झाली. दादा माइकवर बोलला की त्याच्या रेडिओची ताकद त्या वायरीतून थेट माझ्या पोटात शिरायची. धाकटीचा दिवा विझायचा आणि तिच्या नोंदी वाटेतच अडायच्या.

"अगं, एंटर दाबतेस की नुसती बडबडतेस?" दादा खेकसला.

"दाबलंय मी. तुझ्याकडे येत नाही, त्याला मी काय करू?"

"नाचता येईना, अंगण वाकडं! जमत नसेल तर ऊठ. आणि हा म्हातारा डबा आधी भंगारात टाकू."

मला तळपाय असते, तर त्यांची आग मस्तकात गेली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी! तोंड असतं, तर चांगलं ठणकावून सांगितलं असतं.

धाकटी उठली नाही. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, बोल जरा." तो बोलला, दिवा गेला. "आता गप्प बस." दिवा आला. तिने वेटोळी सोडवली, वायर भिंतीकडेने नेली, आणि दिवा पुन्हा विझला नाही.

यावर दादाने काय म्हणावं? "मी म्हणतच होतो, वायरीचंच काहीतरी असणार!"

बस्स. 'चुकलो' एवढा तीन अक्षरी शब्दसुद्धा त्याच्या घशातून निघाला नाही. धाकटीने स्पर्धा शेवटपर्यंत निभावली, हेडफोन टेबलावर ठेवले आणि चपला घातल्या.

परवा दादाने याच खोलीतून, स्पीकर लावून तिला फोन केला. "येतेस ना गं? तुझ्याशिवाय ऐकणार कोण?"

"त्या दिवशी तू तरी माझं कुठे ऐकलंस?" एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

आज स्पर्धा आहे. तिच्या जागेवर कोणी नाही. दादा खरखरीला कान लावून "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" ओरडतो आहे, आणि मला त्याची अजिबात दया येत नाही.

मित्रांनो, यंत्र अडलं तर आधी वायरी तपासा. आणि एखाद्याला उगाच बोललात, तर त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर, चुकलो म्हणा. माझ्यासारखा डबा कितीही शिव्या खाल्ल्या तरी जागचा हलत नाही. माणूस उठून जातो.