पाहुणीच्या हातात ताशा

आमोददादा राजसवर ओरडत होता आणि यामी ते हेव्याने ऐकत होती.

"टिपरू धरलंयस की वरणातली पळी? मनगट हलव, मनगट. खांदा घरी ठेवून आलास तरी चालेल."

राजसने मनगट हलवलं. दोन ढोल पलीकडे यामीने मुद्दाम एक ठोका चुकवला. चांगला ढळढळीत, नदीपात्राच्या पलीकडच्या भेळवाल्यालाही कळावा असा. आमोददादा तिच्याकडे वळला. चेहऱ्यावरचा राग त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "छान. छान चाललंय. दमलीस तर बस हं."

ढोलपथकात तिचं हे तिसरं वर्ष. एवढ्या काळात तिला कुणी रागावलं नव्हतं, उशिरा आली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या नव्हत्या, आणि ताशाही दिला नव्हता. ताशा म्हणजे पथकाचा लगाम. तो सांगेल तेव्हा ढोलांनी हात, म्हणजे ठेक्याचा प्रकार, बदलायचा, तो थांबेल तेव्हा थांबायचं. असली गोष्ट पाहुण्यांच्या हाती देत नाहीत. यामीने ती सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीत उशीवर काड्या बडवून शिकून घेतली होती. घरमालकीण हेमाकाकूंनी दोनदा विचारलं होतं, कापूसच पिंजायचा असेल तर माणूस बोलावू का म्हणून.

यामी पेर्मे पासीघाटची. पासीघाट अरुणाचल प्रदेशात, आणि अरुणाचल प्रदेश भारतात. हे पथकातल्या सगळ्यांना माहीत होतं, तरी ते तिला पाहुणीच म्हणत. मागच्या वर्षी एका वर्तमानपत्राने तिचा फोटो छापून खाली लिहिलं, 'जपानी पाहुणीलाही ढोलाची भुरळ'. म्हणजे त्यांनी नुसता देश बदलला. पथकात सगळे हसले. यामीही हसली. आमोददादा मात्र हसला नाही, कारण त्या 'जपानी' मुलीचं पथक हवं म्हणून पुढचा आठवडाभर त्याचा फोन थांबला नव्हता. आता बुधवार पेठेतल्या एका मोठ्या मंडळाने विसर्जन मिरवणुकीची सुपारी पथकाला द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. मंडळाचे अध्यक्ष संभाजीराव आज स्वतः बघायला येणार होते. ढोल नव्हे, पाहुणी.

"दहा मिनिटं," तिला बाजूला घेऊन आमोददादा म्हणाला. "फक्त दहा मिनिटं बोलू नकोस. तू जपानी आहेस असं कुणी म्हणणार नाही. नाहीस असंही कुणी म्हणायचं नाही."

"आणि तेवढा वेळ मी काय करू?"

"हस."

"त्यापेक्षा ताशा दे. ताशावाल्याला बोलावं लागत नाही, नुसता इशारा करायचा असतो. उगीच हसत उभी राहण्यापेक्षा कामात दिसेन."

आमोददादाने आभाळाकडे पाहिलं. पथक सुरू झाल्यापासून विसर्जनाच्या दिवशीचा लक्ष्मी रस्ता त्यांनी फुटपाथवरूनच पाहिला होता.

"घे," तो म्हणाला. "पण वाट लावलीस तर..." पुढचं त्याने गिळलं. यामीला ते ऐकायला फार आवडलं असतं.

संभाजीराव आले ते दोन फोन घेऊन. एकावर ते बोलत होते, दुसऱ्याने यामीचे फोटो काढत होते. जवळ येऊन त्यांनी नमस्कार केला आणि ती बहिरी असल्यासारखं विचारलं, "मोदक? लाइक?"

यामीने मान डोलावली. यात खोटं काही नव्हतं.

मग तिने ताशा गळ्यात अडकवला. पहिल्या कडकडाटाला ढोलवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिने डावी काडी वर केली आणि चाळीस ढोलांचा ठोका एकदम पडला. पुलावर दोन स्कूटर थांबल्या. पहिला हात झाला, दुसरा सुरू झाला, आणि तिथे यामीला फार आनंद झाला. लय पळाली. ढोल तिच्यामागे धापा टाकत धावले, पण मागे कुणी राहिलं नाही. तिने काडी आडवी धरली. सगळं थांबलं.

"फर्स्ट क्लास," संभाजीराव म्हणाले. "ठरलं. फक्त एक करा, आमोद. हिच्या गळ्यातलं ते काढा. ताशा आपल्यापैकी कुणाला तरी द्या. हिला नऊवारी नेसवा, फेटा बांधा, पुढे उभी करा. ढोल अडकवा, नाही वाजवला तरी चालतंय. पेपरवाल्यांना सांगून ठेवलंय मी."

"बघू ना," आमोददादा म्हणाला. यामीकडे सोडून त्याने सगळीकडे बघितलं.

यामीने दोन्ही काड्या एका मुठीत घेतल्या.

"काका, फेटा बांधते," ती म्हणाली. "नऊवारीही नेसते. पण ताशा माझ्याकडेच राहील."

संभाजीरावांचा फोनवाला हात खाली आला. "अरे, ही मराठी बोलते. हे आधी नाही का सांगायचं? जपानची मुलगी आणि असं पेठेतलं मराठी. हे टीव्हीवर जाईल."

"मी जपानची नाही. अरुणाचल प्रदेशची आहे."

संभाजीरावांनी विचार केला. "म्हणजे चीन? चीन सध्या नको. लोक नाराज होतात."

"भारतात आहे ते."

"असं कसं? माझा मेहुणा जाऊन आलाय तिकडे. परवाना काढावा लागला त्याला. परवाना लागतो म्हणजे परदेशच की."

"तो तुमच्या मेहुण्यांना लागतो. मला पुण्यात यायला नाही लागला."

संभाजीरावांनी राजसकडे पाहिलं, कारण तो जवळ होता आणि दिसायला खात्रीशीर वाटत होता. "काय रे, खरं का हे?"

"हो," राजस म्हणाला. "तिचं आधार कार्ड बघितलंय मी. माझ्यापेक्षा फोटो बरा आहे."

संभाजीरावांनी दोन्ही फोन खिशात घातले. मग दोडका कडू निघावा तसा चेहरा करून म्हणाले, "म्हणजे आपलीच."

हा शब्द कुणीतरी म्हणावा म्हणून यामीने तीन वर्षं काढली होती. रिक्षात, भाजीवाल्यापाशी, कॉलेजच्या खिडकीवर. आता तो आला होता, आणि येताना सोबत सुस्कारा घेऊन आला होता.

"मग काय उपयोग," संभाजीराव म्हणाले. त्यांनी आमोददादाच्या खांद्यावर हात ठेवला. "कळवतो." पुण्यात असं म्हणून गेलेल्या माणसाने आजवर कुणाला काही कळवलेलं नाही.

गाडी गेली. चाळीस जण ढोलांच्या दोऱ्या उगाच ओढून बघत राहिले. राजसने पाण्याची बाटली पुढे केली. यामीने ती घेतली नाही. ती ताशाचा पट्टा सोडवायला लागली.

"सॉरी, दादा."

आमोददादा तिच्यासमोर येऊन उभा राहिला होता. कान लाल झाले होते त्याचे.

"सॉरी काय? दुसऱ्या हाताला लय का पळवलीस?"

"काय?"

"ऐकू येत नाही? गाडी सुटत होती का तुझी? मागे चाळीस माणसं आहेत, त्यांचे हात काय भाड्याने आणलेत? आनंद झाला तर घरी जाऊन व्हायचा. ताशावाल्याला आनंद परवडत नाही."

राजसने बाटलीचं झाकण लावलं.

यामीने पट्टा पुन्हा अडकवला आणि मान खाली घातली.

"पहिल्यापासून घे," तो म्हणाला. "आणि मान वर कर. इशारा दिसायला नको?"

मान वर करायला मात्र तिने थोडा वेळ लावला; आधी हसू आवरायचं होतं.