इशाऱ्याच्या सहा ओळी

प्राजक्ता विजयदुर्गला घरी बसून ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर काम करायची. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाषी. हा सी भाषेतला, सर्वांना खुला, देशोदेशीच्या लोकांनी मिळून सांभाळलेला. त्यात ठिकठिकाणी अटी तपासल्या जात; एखादी मोडली, म्हणजे काही बिनसलं, की इशारा नोंदला जाई: फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक. यंत्रात दोन कार्डं असली तर बिघडलं कोणतं, हे त्यावरून कळत नसे.

प्राजक्ताने इशाऱ्याचा मॅक्रो नव्याने लिहिला. मॅक्रो हा साचा. लिहायचा एकदा, वापर दोनशे चौदा ठिकाणी. आता इशारा कार्डाचं नाव सांगत होता, मोडलेली अटही सांगत होता. तीनदा परत आलेला हा बदल मे महिन्यात मंजूर झाला. शुक्रवारी तो मुख्य आवृत्तीत जाणार होता. तिच्या नावावरचा पहिला मोठा बदल.

गुरुवारी सकाळी ती पडवीत अढीतले आंबे पेटीत भरायला बसली. शेवंतीआत्याने तिच्या हातावर चापट मारली.

"गो, तोच आंबो परत कित्याक दाबतंस?"

"पिकलो काय बघतंय."

"एकदा बघलंस मा? परत दाबलंस तर डाग पडतलो. मगे म्हणशीत, आंबोच खराब होतो!"

प्राजक्ता हसली, आणि हसता हसता थांबली. हात पुसून तिने लॅपटॉप उघडला.

तिच्या साच्यात अट दोनदा तपासली जात होती. दोनशे तेरा ठिकाणी त्याने काही बिघडत नव्हतं. एका ठिकाणी मात्र ती अट रांगेतलं एक काम बाहेर काढून बघत होती. दोनदा बघितलं की दोन कामं बाहेर, त्यातलं एक कायमचं हरवलेलं. चाचण्यांत हे दिसलं नव्हतं. मंजुरी देणाऱ्यांनाही दिसलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर शुक्रवार ठरल्याप्रमाणे पार पडला असता.

तिने सगळ्यांना जाईल असं पत्र लिहिलं: "हा बदल उद्या घेऊ नका. चूक माझी आहे." खाली ओळीचा क्रमांक दिला, चूक घडवून पाहायची रीतही दिली. पुढची संधी दहा आठवड्यांनी होती.

दुरुस्ती सहा ओळींची निघाली: अट एकदाच तपासायची, उत्तर जपून ठेवायचं.

दहा आठवड्यांनी बदल आत गेला. अशा बदलाखाली चूक दाखवून देणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. प्राजक्ताने लिहिलं: शेवंती, विजयदुर्ग.

"ह्या कोण?" मंजुरी देणाऱ्याने विचारलं.

"आंबे तपासतात," तिने कळवलं. "एकदाच."