रातूंच्या सभेतली करवंटी

मी एक जुनी करवंटी आहे. हसू नका, मित्रांनो! तुमच्याकडे हाती करवंटी आली म्हणजे माणूस रस्त्यावर आला असे समजतात. आमच्या फिजीत मी हाती आले की माणसाची पाठ ताठ होते. मी कोणाच्या हातात आधी जाते आणि कोणाच्या मागून, यावर गावातली पत ठरते.

मला योसेफोने घडवले. तो तेव्हा तरुण होता. नारळ फोडून, आतले खोबरे खरवडून त्याने मला वाळूने आणि मग तेलाने इतके घासले, की मी काळ्याभोर दगडासारखी चमकू लागले. सभाघरात तानोआ नावाचे मोठे लाकडी पात्र असते. त्यात यांगोना नावाच्या झुडपाची कुटलेली मुळी पाण्यात कालवतात. त्या मातकट पाण्याने मला भरायचे, पहिली रातूंना, म्हणजे गावाच्या सरदारांना द्यायची, आणि मग मानाप्रमाणे खाली दारापर्यंत. पिणाऱ्याने एका दमात मला रिकामे करायचे आणि बाकीच्यांनी तीन टाळ्या वाजवायच्या. पुढे योसेफो म्हातारा झाला, रातूंच्या वतीने बोलण्याचा मान त्याच्याकडे आला. मी मात्र तेच काम करत राहिले.

आपेनिसा फौजेतून परत आला तेव्हा दाराजवळ बसायचा. लेबनॉनच्या डोंगरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून त्याने बरीच वर्षे पहारा केला होता. एकदा बंदूकवाल्यांचा ट्रक नाक्यावरून जबरदस्तीने जाऊ लागला, तर हा रस्त्यात आडवा उभा राहिला आणि ट्रकला मागे फिरावे लागले. ही गोष्ट त्याने कधी सांगितली नाही, त्याच्या सोबत्यांनी सांगितली. पण गावात त्याला विचारतो कोण? सगळ्यांचे झाले की तळाचा गाळ त्याच्या वाट्याला यायचा.

मग चक्रीवादळ आले. छपरे उडाली, झऱ्यावरून येणारा पाण्याचा नळ वाहून गेला. सगळे सरकारी बोटीची वाट बघत बसले. आपेनिसा उठला आणि एकटाच नळाचे तुकडे नदीतून ओढून आणू लागला. दुसऱ्या दिवशी चार जण आले, मग सगळा गाव आला. तो भल्या पहाटे शिटी फुंकून लोकांना रांगेत उभे करायचा.

"झालं! निघाली पलटण!" योसेफो टोमणा मारायचा. "अरे, उद्या कोंबड्यांनाही रांगेत उभं करशील!"

आपेनिसाची बायको वासिति म्हणायची, "माझ्याकडे बघून तरी शिटी फुंकू नका. मी तुमच्या तुकडीत नाही."

गावाला पाणी मिळाले. शाळेवर छप्पर आले. लोकांनी त्यालाच गावकारभारी निवडले आणि तो दाराजवळून सरकत सरकत रातूंपासून तिसऱ्या जागी आला. मला त्याचा अभिमान वाटे. खोटे कशाला बोलू?

आणि मग खडीची कंपनी आली. आमच्या नदीच्या तळाशी उत्तम गोटे आहेत आणि रस्त्यांना खडी लागते. पण त्याच तळातून गावातल्या बाया शिंपल्या काढतात, त्या विकून मुलांच्या फिया भरतात. काठावर अळूची शेते आहेत. नदी खणली की सगळे जाणार, हे आपेनिसाला पक्के ठाऊक होते. लोकांनाही ठाऊक होते.

"तू बोल, आपेनिसा. आम्ही आहोत तुझ्यामागे," प्रत्येक जण त्याला म्हणून गेला.

आमच्याकडे एक रीत आहे. मागणे घेऊन येणारा यांगोनाच्या मुळ्यांची जुडी पुढे ठेवतो. जुडी स्वीकारली आणि तिचे पाणी प्यालात, की मागणे मान्य झाले. मग तोंडाने काहीही बोला, त्याला किंमत नाही. कंपनीच्या साहेबाला ही रीत कोणीतरी नीट शिकवली होती. त्याने जुडी ठेवली. रातूंनी मान डोलावली, योसेफोने त्यांच्या वतीने जुडीला हात लावून ती स्वीकारली. रातू प्याले. योसेफो प्याला. मग मी आपेनिसाच्या दोन्ही हातांत आले.

"रातू, मला आधी काही बोलायचंय," तो म्हणाला.

"आधी पी, मग बोल." रातू हसले. "फौजेत हुकूम ऐकायला शिकवलं नाही वाटतं तुला?"

सभाघरात हशा पिकला. आपेनिसाने मागे वळून लोकांकडे पाहिले. कोणी चटईची काडी उपसत होते, कोणी छपराकडे बघत होते. त्याने मला तोंडाला लावले आणि एका दमात रिकामे केले. बंदुकीपुढे न हटलेला माणूस माझ्यासारख्या करवंटीपुढे हटला. मला तेव्हा त्याचा राग आला होता.

यंत्रे आली. नदी गढूळ झाली, शिंपल्या गेल्या, अळूची शेते काठासकट ढासळली. आपेनिसा मात्र वर चढत गेला. प्रांताच्या परिषदेत बसला, छातीवर पदक आले. कुठल्याही सभेत रातूंच्या नंतर आता मी त्याच्याकडे जाई. बाया नदीबद्दल विचारायच्या, तो म्हणायचा, "परिषदेत मांडतो." पुढे कंपनीने नवे सभाघर बांधून दिले, त्यात चकचकीत वाट्या आल्या आणि मला तुळईवर टाकले. माझ्या कडेला तडा गेला तो तिथेच.

आपेनिसा वारला तेव्हा मला खाली काढले. पेटीवर झेंडा होता, बिगूल वाजले. कंपनीचा साहेबही आला होता. "असा समजूतदार पुढारी पुन्हा होणे नाही," असे तो डोळे पुसत म्हणाला. मग मानाची म्हणून मला भरून वासितिपुढे धरले.

तिने मला हातात घेतले. "त्यांना त्या दिवशी नाही म्हणायचं होतं," ती म्हणाली. "सकाळी माझ्यासमोर उभं राहून पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. आवाज कसा लावू, विचारत होते. ते राहिलं ते राहिलंच. आता त्यांच्या वाटचं मीच म्हणते. नाही. हे मी पिणार नाही."

आणि तिने मला भरलेलीच चटईवर ठेवले.

लोक पुन्हा चटईच्या काड्या उपसू लागले. मग रातू खाकरले. "दुःखात आहे बिचारी," ते म्हणाले. वाढणाऱ्याने मला उचलले, पाणी परत तानोआत ओतले, पुन्हा भरले आणि साहेबाकडे दिले. तो प्याला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या करवंट्या पुष्कळ मिळतील. पण तुमच्या गावात एखादा आपेनिसा असेल, तर त्याला नुसते उंच जागी बसवू नका, वेळ आली की त्याच्या शेजारी उभे राहा. त्या दिवशी सभाघर माणसांनी भरलेले होते आणि नदी सगळ्यांची होती. नाही म्हणायचे काम मात्र सगळ्यांनी त्या एकट्यावर टाकले होते.